एक मीटर अंतरावरच्या गंगूबाई

जे हलत नाही त्याची स्तुती करावी, ही आपली फार जुनी रीत आहे. पर्वताला आपण अचल म्हटले, आकाशातल्या एका ताऱ्याला ध्रुवपद दिले, भूमीला स्थिरा म्हणून वंदन केले. न हलण्याचे त्यांना काय मोल पडते, हे मात्र आपण त्यांना कधी विचारले नाही. इतर गुण धारण करणाऱ्याला काहीतरी देऊन जातात. दात्याला कीर्ती मिळते, शूराला जय मिळतो, विद्वानाला निदान वादात वरचढ झाल्याचे सुख मिळते. स्थैर्याचे तसे नाही. स्थिर राहणाऱ्याच्या आधाराने मोजमाप करतो तो दुसराच कोणी. शेत मोजताना खुंटा रोवतात, त्याला दोरी बांधतात, आणि मोजणी आटोपली की तो उपटून बांधावर टाकतात. त्यात खुंट्याचा अपमान झाला असे कोणाला वाटत नाही.

गंगूबाई बिरादार यांच्या अंगी हा गुण किती होता, हे सांगायचे तर आधी त्यांच्या यजमानांचा व्यवसाय सांगितला पाहिजे.

लक्ष्मणराव बिरादार मूळचे भालकीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी हैदराबादेत आले, आबिड्सच्या बाजूच्या एका वस्तादाकडे कॅमेरे उघडायला शिकले आणि पुढे सुलतान बाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर खोली घेऊन बसले. फिल्मचे दिवस संपले तेव्हा त्या गल्लीतले बाकीचे कारागीर मोबाइल दुरुस्तीकडे वळले. लक्ष्मणराव वळले नाहीत. एक फार नाजूक आणि फार थोड्यांना लागणारे काम त्यांनी आधीच हाती घेतले होते, तेच ते करीत राहिले.

कॅमेऱ्यांची दोन कुळे आहेत. एका कुळातला कॅमेरा आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष लेन्समधूनच पाहतो, तो एसएलआर. दुसऱ्या कुळातला, म्हणजे रेंजफाइंडर, लेन्समधून पाहतच नाही. त्याच्या माथ्यावर एक लहानशी खिडकी असते, तीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात; लेन्स फिरवून त्या एकमेकींवर नेमक्या बसवल्या की अंतर साधले, असे तो कॅमेरा मानतो. खिडकीचे हे मानणे आणि लेन्सचे प्रत्यक्ष पाहणे यांचा मेळ एका पितळी कड्यावर अवलंबून असतो. कड्याच्या कडेला बारीक उतार असतो. लेन्स फिरली की तो उतार कॅमेऱ्याच्या आतला दांडा पुढेमागे करतो. पहिल्या कुळातल्या जुन्या लेन्सांना असे कडे जन्मतः नसते. ते घडवायचे, त्याचा उतार कानशीने हाताने घासायचा आणि परक्या कुळातली लेन्स या कुळात नांदवायची, हे लक्ष्मणरावांचे काम. केसाइतका उतार चुकला तर पापणीऐवजी कान स्पष्ट येतो.

तो चुकला की नाही, हे गंगूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिले जाई.

खोलीच्या एका भिंतीला पाठ लावून लाकडी स्टूल ठेवलेले होते. त्याच्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्यामागे येईल अशी एक फळी ठोकली होती आणि तिच्यात एक खिळा होता. अंबाडा त्या खिळ्याला टेकला म्हणजे डोळ्याची पापणी समोरच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागेपासून बरोबर एक मीटरवर येई. लक्ष्मणराव आधी खिडकीतून डाव्या पापणीच्या दोन प्रतिमा जुळवीत. मग कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी दुधी काच बसवीत आणि भिंगातून तिच्यावरची उलटी प्रतिमा न्याहाळीत. पापणी तिथेही तितकीच रेखीव दिसली तर कडे खरे. नाहीतर पुन्हा कानस. या परीक्षेला फिल्म लागत नसल्यामुळे गंगूबाईंची प्रतिमा त्या काचेवर हजारो वेळा उमटली आणि एकदाही टिकली नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्या डबा घेऊन माडीवर आल्या होत्या. लक्ष्मणराव वर न बघता म्हणाले होते, "बस हितं. हालू नको." त्या बसल्या. तेव्हापासून सव्वीस वर्षे त्या रोज अकराला अंबरपेठेच्या घरून बसने येत, स्टुलावर बसत आणि तीनला उठत. छापील तक्ता का लावत नाही, असे कोणी विचारले की लक्ष्मणराव म्हणत, "लोक तक्त्याचे फोटो काढत न्हाईत. माणसाचे काढतेत." आणि पुढे अभिमानाने सांगत, "कॅमेरा हालंल, हैद्राबाद हालंल, ही नक्को हालायची." ऐकणारे हसत. गंगूबाई हसत नसत, कारण हसले की पापणी हलते.

मुलीच्या, योगिनीच्या जन्माच्या दिवशीही त्या तिथेच होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा एका कड्याचा शेवटचा हात चालला होता. कानशीच्या आवाजावरून काम किती उरले ते त्यांना कळे. घास लांब असला तर वेळ आहे, आखूड आणि हलका असला तर संपत आले. त्या दिवशी घास लांब होता. तो आखूड होईपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मगच म्हणाल्या, "अहो, आता जावं लागंल." ही गोष्ट लक्ष्मणराव गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. योगिनी मोठी झाल्यावर ती ऐकून म्हणे, "म्हंजे मी स्टुलावरच झाली असती. माझी पण पापणी मोजली असती बापूनं."

लक्ष्मणराव वाईट मनुष्य नव्हते, हे इथेच लिहून ठेवले पाहिजे. त्यांना व्यसन नव्हते; त्यांनी कधी हात उगारला नाही; सणाला लुगडे आणायचे चुकवले नाही. घरी ते बोलत नसत इतकेच. अंबरपेठेच्या दोन खोल्यांत नवराबायकोचे बोलणे भाजीत मीठ आहे की नाही एवढ्यावर भागे. माडीवर मात्र हाच माणूस रोज चार तास, श्वास रोखून, गंगूबाईंच्या डोळ्याकडे पाहत असे. तो त्यांच्याकडे पाहतो की त्यांच्या पापणीकडे, हा भेद त्यांनी स्वतःपाशीही कधी केला नाही. अधूनमधून काचेवरून मान वर करून लक्ष्मणराव "छान" म्हणत. ते पितळेला म्हणत की त्यांना, हेही त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास गंगूबाईंना वाटू लागले की डोके जड होत आहे. अंबाडा खिळ्याला टेकवून त्या बसत, पण पंधरा-वीस श्वासांनंतर तो तिथे नसे. वेदना नव्हती, चक्कर नव्हती. मान आपली आपण, संध्याकाळच्या फुलासारखी, पुढे कलत असे. त्या ती मागे नेत. पुन्हा कलत असे. योगिनी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून बोटे उघडमीट करायला लावली, चालायला लावले आणि सांगितले की ही कंपवाताची सुरुवात आहे. आधी मान, मग हात. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही.

बाहेर आल्यावर योगिनी म्हणाली, "बापूला सांगू का?"

"नक्को."

"कामून?"

"स्टुलावरून उठवतील."

"उठवू दे की माय. सव्वीस वर्सं झाली. कोण बसतंय असं?"

गंगूबाई म्हणाल्या, "उठून कुठं बसू?"

योगिनीने बापूंना सांगितले नाही.

उन्हाळ्यात तक्रारी येऊ लागल्या. पहिली आणली अभिजीतने. तो पुण्याचा, माधापूरच्या एका संगणक कंपनीत नोकरीला; आजोबांच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यावरची लेन्स त्याने आपल्या रेंजफाइंडरला बसवून घेतली होती. त्याने टेबलावर आठ-दहा फोटो मांडले. सगळे बायकोचे, जवळून घेतलेले.

"काका, जरा बघा ना. ईशाचं नाक कसं धारदार आलंय. डोळे मात्र लोणी. ती म्हणते, तुझं प्रेम माझ्या नाकापाशीच थांबतं का?"

"नाक चांगलं असंल, साहेब," लक्ष्मणराव म्हणाले.

"चांगलं आहेच हो. पण मी जुळवले होते डोळे."

लक्ष्मणरावांनी लेन्स ठेवून घेतली, गंगूबाईंना बसवले, खिडकीतून जुळवले, पाठ उघडली, दुधी काच लावली, भिंग डोळ्याला लावले. पापणी सुईसारखी रेखीव होती. त्यांनी लेन्स परत दिली. "बराबर हाय. तुमचा हात हालतो."

झाले असे होते की खिडकीतून पाहताना गंगूबाईंचा अंबाडा खिळ्याला टेकलेला असे. पाठ उघडून काच बसवीपर्यंत मान बोटभर पुढे आलेली असे. काचेवर पापणी अस्पष्ट दिसे, लक्ष्मणरावांना वाटे कडे चुकले, आणि ते कडे त्या पुढे आलेल्या पापणीसाठी घासत. त्यांनी हाताला दोष दिला, लेथला दिला, डोळे तपासून नवा चष्मा केला. समोरच्या स्टुलाला दोष देण्याचे त्यांच्या मनात एकदाही आले नाही. एखाद्या पुरुषाने पत्नीवर इतका विश्वास ठेवल्याचे उदाहरण विरळा, आणि त्या विश्वासात पत्नी नावाच्या माणसाला जागाच नव्हती. खिळ्यावर ठेवावा तसा तो विश्वास होता.

दिवाळीपर्यंत चौदा लेन्सा अशा गेल्या आणि एकेक करून परत आल्या. प्रत्येक वेळी गंगूबाईंच्या चेहऱ्यावर त्या खऱ्या ठरल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला लक्ष्मणरावांनी अपमान करून पाठवले. शेवटी कोणीतरी इंटरनेटवर लिहिले की सुलतान बाजारातल्या म्हाताऱ्याची नजर गेली, आता तिकडे कोणी जाऊ नये. योगिनीने ते वाचून दाखवले तेव्हा लक्ष्मणराव डबा उघडून बसले होते. त्यांनी झाकण पुन्हा लावले. त्यानंतर सहा दिवस त्यांनी माडीवर दुपारचे जेवण घेतले नाही. कानस घेऊन नुसते बसत, घासत नसत.

गंगूबाईंना सर्व ठाऊक होते. सव्वीस वर्षे एकच काम डोळ्यांसमोर पाहिलेल्या बाईला ते कळत नाही असे कोणी समजू नये. दोन शब्द बोलल्या असत्या तर नवऱ्याची अब्रू वाचली असती. त्या बोलल्या नाहीत. समोर बसून त्यांनी त्या माणसाला आपल्याच हातांवरचा विश्वास गमावताना पाहिले, पापणी न हलवता. हाही क्रूरपणाच होता, आणि तो त्यांना समोरच्या माणसाखेरीज कोणी शिकवलेला नव्हता.

सातव्या दिवशी त्यांनी बाजारातून काळा करदोडा घेतला. माडीवर आल्या, डबा ठेवला, स्टुलावर बसल्या आणि पदर सावरण्याच्या मिषाने करदोड्याचे एक टोक अंबाड्यात गुंतवून दुसरे खिळ्याला तीन वेढे देऊन आवळले. वरून पदर घेतला. मान पुढे जायला निघाली आणि अडली. टाळू ताणली गेली, डोळ्यांत पाणी आले, पण डोके होते तिथे राहिले. आता इथून पुढचे प्रत्येक कडे खरे होईल आणि कोणाला काही कळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. नव्या कड्यांपुरता तो बरोबर होता.

पण त्या दिवशी नवे कडे नव्हते. अभिजीत तिसऱ्यांदा आला होता.

"काका, भांडायला नाही आलो. फक्त एकदा माझ्यासमोर दाखवा. तुमची खरी निघाली तर मी कानाला खडा लावतो."

"बसा, दाखवतो," लक्ष्मणराव म्हणाले. "ही बगा माझी साक्ष बसलेली हाय."

त्यांनी लेन्स चढवली, खिडकीतून पापणी जुळवली, पाठ उघडली, काच लावली. भिंगातून पाहिले. काढले, पुसले, पुन्हा पाहिले.

"काय झालं?" अभिजीतने विचारले आणि वाकून स्वतः पाहिले. "हेच. हेच मी सांगत होतो काका. नाक बघा. नाकावरचा तीळ मोजता येतोय, आणि डोळे नाहीतच."

त्याला आनंद झाला होता. जी लेन्स याच चेहऱ्यावर दोनदा खरी ठरली होती ती आज खोटी झाली होती, आणि पितळ आपणहून बदलत नाही हे लक्ष्मणरावांना माहीत होते. त्यांनी पोलादी पट्टी घेतली, कॅमेऱ्यापासून गंगूबाईंच्या पापणीपर्यंत लावली. बरोबर एक मीटर.

"गंगू, जरा पुढं वाक."

गंगूबाई वाकल्या नाहीत.

"वाक म्हनलो न्हवं."

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला. कपाळाची कातडी मागे ओढली गेली, भुवया वर चढल्या, आणि पदर घसरला. लक्ष्मणरावांना करदोडा दिसला. त्यांनी टेबलावरची कात्री उचलली आणि तो कापला. थोडे केसही कापले गेले. मग ते मागे सरले नाहीत. पट्टी पापणीपाशी धरून उभे राहिले. गंगूबाईंची मान हळूहळू खाली आणि पुढे येऊ लागली. लक्ष्मणरावांनी ती सावरली नाही, आधार दिला नाही. थांबेपर्यंत थांबले.

"अठरा मिलिमीटर," ते म्हणाले, आणि पेन्सिलीने भिंतीवर तो आकडा लिहिला.

"काका, अहो काकूंना बरं नाहीये. डॉक्टरकडे..."

"डॉक्टराचं होतंय साहेब. चौदा लेन्सा हायत." मग गंगूबाईंकडे वळून त्यांनी विचारले, "कवापासून?"

"संक्रांतीपासून."

"आन् बोलली न्हाईस."

"न्हाई."

"मला वाटलं माझे हात गेले." ते पट्टी पुसत होते. आवाज चढलेला नव्हता. "तुला एकच काम होतं, गंगू."

अभिजीतने गंगूबाईंना हात धरून उठवले आणि जिन्यापर्यंत पोचवले. लक्ष्मणराव कडे काढू लागले होते.

अठरा हा आकडा हाती आल्यावर पुढचे सोपे होते. त्यांनी चौदाही गिऱ्हाइकांना बोलावून क्षमा मागितली आणि दोन महिन्यांत चौदा नवी कडी करून दिली. अभिजीत आपली लेन्स न्यायला आला तेव्हा गंगूबाई डबा देऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. तो म्हणाला, "काकू, थांबा. पहिला फोटो तुमचाच काढतो."

गंगूबाई थांबल्या. पदर सारखा केला.

"तिचा नको," लक्ष्मणराव आतून म्हणाले. "ती हालते. लेन्स वाईट दिसंल."

अभिजीतने तरीही कॅमेरा उचलला होता, पण गंगूबाई तोवर दोन पायऱ्या उतरल्या होत्या.

स्टुलावर आता एक डोके होते. खालच्या कापड दुकानातला मोडका पुतळा लक्ष्मणरावांनी मागून आणला होता. साडी नेसवायची बाई, गुलाबी ओठांची. तिचे डोके कापून त्यांनी फळीला स्क्रूने बसवले आणि बेगम बाजारातून नकली पापण्या आणून चिकटवल्या. गंगूबाईंना त्यांनी सांगितले, "रोज डबा आणलास की हिला पुसून ठेव. पापणीवर धूळ नको."

गंगूबाई पुसू लागल्या. पदराच्या टोकाने, आधी कपाळ, मग नाक, मग पापणी. चार-पाच आठवडे हे चालले. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे हात थरथरू लागला, आणि एके दिवशी पापणी निघून त्यांच्या बोटाला चिकटून आली.

"ऱ्हाऊ दे," लक्ष्मणराव म्हणाले. "हात लावू नको. डबा योगिनी आणंल."

त्यानंतर गंगूबाई सुलतान बाजारात गेल्या नाहीत. अंबरपेठेच्या घरी त्या अकरा वाजले की भिंतीशी पाट घेत, डोके मागे टेकवत आणि समोर पाहत बसत. मान कलली की मागे नेत. तीनला उठत. योगिनीने सुरुवातीला रागावून पाहिले.

"माय, हितं कोणी बघायलं न्हाई."

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय. बसायलेय."

योगिनीने मग उशी आणून मानेमागे ठेवली. गंगूबाईंनी ती काढून बाजूला ठेवली. उशीने अंतर बदलते, असे म्हणाल्या. एकदा लक्ष्मणराव तापाने घरी होते. त्यांनी खाटेवरून हे बसणे सबंध पाहिले. तीन वाजता ते म्हणाले, "बारा येळा हालली." गंगूबाई म्हणाल्या, "काल नऊ येळा होतं." दोघांमध्ये त्या आजारपणात झालेले हेच सर्वांत मोठे बोलणे.

पुढे त्यांना गिळता येईना, छातीत कफ धरला आणि पावसाळा उलटून गेल्यावर, गुरुवारी दुपारी, भिंतीशीच त्या गेल्या. योगिनीला ते लगेच कळले नाही. उलट त्या दिवशी आईची मान इतका वेळ कशी टेकलेली राहिली याचे तिला बरे वाटले होते. फोनवर कळवल्यावर लक्ष्मणराव तासाभराने आले. हातात एक कडे अर्धे घासलेले होते, असे त्यांनी उशिराचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते. चार दिवसांनी ते पुन्हा माडीवर जाऊन बसले.

गंगूबाईंच्या मागे पती आणि एक कन्या असा परिवार आहे. सुलतान बाजारातली खोली रोज दहाला उघडते. त्या स्टुलावरून उठल्यापासून एकही लेन्स परत आलेली नाही.